शेवटच्या पानावरची सही

दहा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी शालिकरामांनी कोर्टाबाहेर शपथपत्रं टाइप करणाऱ्या महादेवरावांकडून टाइप करून घेतली. महादेवरावांनी बोट ठेवलं तिथे शालिकरामांनी लेखक म्हणून पहिली सही केली.

"छापाले धाडाच्या आधी घरी वाचाले द्या जी. हिंमत येते," महादेवरावांनी सल्ला दिला.

बायकोने, गोपिकाबाईंनी, तीन दुपारी बसून कादंबरी वाचली.

"चांगली लिहिली जी. पण हे धरमपेठेतली कुसुम कोण होय?"

"कोणी नाही वं. सारं मनानंच रचलं."

गोपिकाबाईंनी शेवटचं पान पुढे केलं. सहीच्या वर महादेवरावांनी रोजच्या सवयीने टाइप केलं होतं: 'वरील सर्व मजकूर खरा असून तो मी शपथेवर सांगत आहे.'