फ्रिजवरची पट्टी

प्रयोगशाळेत आम्ही सिलिकॉनमध्ये चुंबकाची पूड कालवून मऊ पट्ट्या ओततो. एक मी हौसेने घरी आणून फ्रिजवर लावली, आणि दात येणाऱ्या लेकीने तिची दोन्ही टोकं चावून तोडली. तुकडे सापडेनात. “रबरच ते, जाईल निघून. तुझ्या नवऱ्याने तर बटण गिळलं होतं,” सासूबाई हसल्या. “एक असेल तर जाईल, आई. दोन असतील तर एकमेकांना ओढतील, मध्ये आतडं चिमटेल.” बंद नळीत अडकलेला तुकडा आम्ही शोधतो, तसं मी मोबाइलमधलं होकायंत्र लेकीच्या पोटावरून फिरवलं. गुदगुल्या होऊन ती खिदळली. बेंबीपाशी काटा वळला. “सापडला ना? मग झालं,” सासूबाई म्हणाल्या. मी मोबाइल खाली सरकवला. काटा सरळ झाला, आणि पुन्हा गर्रकन फिरला. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई नातीला घेऊन अनवाणीच जिना उतरत होत्या.