कुलूप फोडायचा मान
मिरचीच्या गिरणीत कोंडलेल्या बारा वर्षांच्या मयुरीले सोडवायले सोनाळ्यात सरकारी गाडी आली. मालकानं जाळीच्या दाराले आतून कुलूप घातलं अन् पट्टा काढला. फटके बाहेर ऐकू येत होते. "फोडा न कुलूप," शेजारची केसरबाई ओरडली. "साहेबाच्या हस्ते फोडायचं आहे," हातातला नारळ सांभाळत शिपाई म्हणाला. "येऊन राह्यले." तेवढ्यात मयुरीनं मालकाच्या डोळ्यांत तिखट कोंबलं, डोक्यात फावडं हाणलं अन् मागचा पत्रा उचकटून रक्तबंबाळ बाहेर आली. साहेबही पोचले. शाबूत कुलूप पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. "पोरी, दोन मिनिटं आत जाऊन बस. फोटो झाला की सोडवतो तुले." आत मालक पट्टा चाचपत उठून राह्यला होता. मयुरीनं शिपायाचा नारळ हिसकून साहेबाच्या कपाळावर फोडला. शिपायानं सवयीनं खोबरं वेचलं, पहिला तुकडा मयुरीले दिला.