परतीची दोन तिकिटं

गाडी सुटायला अठरा मिनिटं उरली होती आणि तिकिटं अजून यंत्राच्या पोटात होती.

नवरा सामानाच्या रांगेत अडकला होता. त्याच्या दोन अगडबंब बॅगा मागच्या डब्यात वेगळ्या द्यायच्या होत्या. दहा दिवसांसाठी काय अख्खं घर उचललंस का, असं तिने निघताना चिडवलं, तर म्हणाला, दादाने मागवलेलं सामान आहे. आत्ताही जाताना बजावून गेला होता, "तुम्ही इथेच बसा. तिकिटं मी येऊन काढतो."

ती बसली, उठली, पुन्हा बसली. ढमी बाकावर बापाच्या फोनमधल्या कार्टूनमध्ये बुडाली होती. शेजारी सासूबाई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून समोरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

विमानातून उतरल्यावर परक्या देशात, भाषेचा गंध नसताना खिडकीवर कोण डोकं फोडणार, म्हणून नवऱ्याने घरबसल्या एका ऑनलाइन एजन्सीकडून सगळं उरकलं होतं. एरवी विजेच्या बिलापासून ढमीच्या लशीपर्यंत सगळं दोघांच्या एकाच ईमेलवर यायचं. विमानाच्या किंवा या गाडीच्या तिकिटांचा मेल मात्र आला नाही. आईला हातात कागद लागतो, म्हणून स्टेशनवर छापून मिळणारी घेतली, कोड माझ्या फोनवर येईल, असं तो म्हणाला होता.

जाताना तीन, येताना दोन. ढमीला तिकीट लागत नव्हतं.

हे दोनाचं गणित सासूबाईंना ठाऊक नव्हतं. थोरल्या मुलाकडे दहा दिवस राहायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. खरं तर त्या आता तिथेच राहणार होत्या, कायमच्या.

सुरुवात तिच्याच तोंडून झाली होती. एका दुपारी ढमी तापाने किरकिरत होती, दोन खोल्यांत वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढताना ती वैतागून म्हणाली होती, जागाच पुरत नाही आपल्याला. आठवड्याभरात नवऱ्याने बेत पुढे ठेवला. आईला तो पोचल्यावर सांगणार होता. "तू विषय काढू नकोस. रडून गोंधळ घालेल." तिने मान हलवली होती. त्या हलवलेल्या मानेचं ओझं तेव्हापासून उतरत नव्हतं. सासूबाईंनी मोजून दहा दिवसांच्या गोळ्या डबीत भरल्या, दूधवाल्याला परत सुरू करायची तारीख लिहून दिली, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिली.

अलीकडे सासूबाईंचंही काहीतरी बिनसलं होतं. तिला आधी गरम वाढायच्या. एकदा तर तिला खाली बसवून केसांना तेल लावून दिलं, आणि मध्येच हात थांबला. यांना कुणकुण लागली असावी, असं तिला वाटत राही.

घोषणा झाली. दारावरच्या गणवेशातल्या बाईने हाताचे पंजे दाखवले. दहा मिनिटं. नवऱ्यापुढे अजून चार माणसं होती.

तिने ढमीच्या हातातून फोन काढला. ढमीने सूर लावला. "आई, हिला घ्या जरा, आणि बसा तुम्ही," असं सांगून ती यंत्राकडे धावली. पण सासूबाई कुठल्या बसायला? रडक्या नातीला खांद्यावर टाकून त्या पाठोपाठ आल्या. तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेली बाई. समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचायच्या.

मेसेज सापडला. कोड टाकला. यंत्र घरघरलं आणि एकेक तिकीट सरकू लागलं. एक. दोन. तीन. तिने ती न बघताच मुठीत घेतली आणि वळली. घरघर थांबली नाही. एजन्सीने जाणं-येणं एकाच कोडवर टाकलं होतं. चौथं आलं. पाचवं आलं. मग यंत्र गप्प झालं.

तिने त्या दोन कागदांवर हात ठेवला.

"लपवू नकोस गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "येतानाची दोनच आहेत, ते माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"महिना झाला. त्यानेच सांगितलं. वर तंबी दिली, तुझ्यापाशी विषय काढायचा नाही. मी तरी काय बोलणार होते? कुठल्या तोंडाने?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आजूबाजूला लोक धावत होते, कुणाची तरी बॅग तिच्या घोट्यावर आदळून गेली. "आई, माझं चुकलं. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. अजूनही म्हणते. आत्ता जाऊन सांगते त्याला."

"त्याचं ठरलेलं आहे. माझं ऐकलं नाही, तुझं काय ऐकणार?" सासूबाईंनी ढमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हाताने तिचा गाल पुसला. "तू मात्र स्वतःला दोष द्यायचा नाहीस. आणि ढमीची काळजी करू नकोस. मी आहे ना."

दूरवरून नवरा हाक मारत, हात हलवत पळत येत होता. थांब, हात लावू नकोस, असं काहीतरी ओरडत होता. तिने घाईने कागद उचलले आणि पहिल्यांदाच नीट बघितले.

परतीच्या एका तिकिटावर तिचं नाव होतं. दुसऱ्यावर सासूबाईंचं.