वाक्यात उपयोग करा

प्रवेश परीक्षा तोंडावर आली, तसा बाबांनी जेवणाच्या टेबलावर नियमच केला. लेकीने इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगायचे, वाक्यात उपयोग करायचा आणि मगच ताटाला हात लावायचा.

"रिलक्टंट?"

"म्हणजे नाखूश. मी या परीक्षेला बसायला रिलक्टंट आहे."

"छान. कम्पेल?"

"म्हणजे भाग पाडणं. डॉक्टर व्हायला बाबा मला कम्पेल करताहेत."

आईचा वाढता हात थांबला. "अहो, ती काय म्हणतेय ते ऐकताय ना?"

"ऐकतोय तर. डोळ्यांत पाणी आणून सांगतेय, म्हणजे अर्थ चांगला मुरलाय," बाबा कौतुकाने म्हणाले. "आता, डेस्परेट?"

लेक ताट सरकवून उठली आणि तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "हा नेमका कच्चा राहिलाय."