कारभाऱ्यांचा पगार

"सही करायची तर करा, नाहीतर दार लावून घ्या. वारा आत येतोय," आर्डिस हॉगेन म्हणाली.

पशुखाद्याच्या दुकानात तिने टेबल मांडलं होतं. कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडून आलेल्या कारभाऱ्यांचा पगार महिना पाचशे डॉलरवर आणावा, हा ठराव नोव्हेंबरात मतदानाला ठेवायचा होता. त्यासाठी सह्या हव्या होत्या.

दारात उभा असलेला गाईवाला लिरॉय हसला. "वहिनी, कारभारी तर तुमचाच मर्विन. नवऱ्याच्या पोटावर पाय?"

"त्याच्या पोटाचं मी बघते. दोनदा छातीत कळ येऊन पडलाय. ती खुर्ची त्याला खाणार. माझं सांगणं ऐकत नाही, पाकिटाचं ऐकेल."

लिरॉयने पेन उचललं. "पुढच्या खेपेला मीच उभा राहणार होतो. पण एवढ्याशा पैशात गाई कोण सोडेल?"

"गाईंना तुमची सवय झालीय. करा सही."

"आमच्या ओढ्यावरच्या पुलाची फळी मोडलीय. मर्विनला सांगून थकलो."

"डावीकडची. मला ठाऊक आहे."

नोव्हेंबरात ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला.

त्या संध्याकाळी मर्विनने टोपी खुंटीला अडकवली. "गावभर फिरलीस माझ्याविरुद्ध."

"फिरले. खुर्ची हवी की जीव, ते सांग. सूप निवतंय."

त्याने सूपमध्ये चमचा फिरवला. मग म्हणाला, "या पैशात पेट्रोलही सुटणार नाही. वर्षअखेर राजीनामा देतो, परत नाही उभा राहत. झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या ताटात केकचा दुसरा तुकडा वाढला.

जानेवारीत मर्विन उन्हं वर येईपर्यंत झोपू लागला. त्याच्या गालांवर रंग आला. एका सकाळी आर्डिसने त्याचा जाड कोट अंगात चढवला.

"सूप चुलीवर आहे. ढवळत राहा, करपवू नकोस."

"कुठे निघालीस?"

"कामाला."

कौंटीच्या कचेरीत खिडकीमागे कारकून जोलीन बसली होती. "काकू, मर्विनकाकांचं सामान न्यायला आलात?"

"सामान राहू दे तिथंच. त्या खुर्चीसाठी कुणी अर्ज भरलाय?"

"या पगारात कोण येतंय, काकू?"

"तेच म्हटलं," आर्डिसने हातमोजे काढले. "लिही मग. उमेदवार, आर्डिस हॉगेन."