भंतेंच्या पात्रातला मासा

मेकाँगकाठच्या विहारातली कुत्री हल्ली एवढं पाणी का पितात, हे कोडं बुआलायला सुटेना. नवऱ्याच्या किडन्या बिघडल्यावर तिनं त्याचा लाडका खारवलेला मासा ताटातून कायमचा हद्दपार केला होता. तो गेल्यावर मात्र ती रोज सकाळी भिक्षेला आलेल्या म्हाताऱ्या भंतेंच्या पात्रात तोच मासा घालायची. भंतेंनी खाल्लं की गेलेल्याला पोचतं, ही गावाची श्रद्धा. एकदा विहारात डोकावली, तर भंते मासा कुत्र्यांपुढे टाकत होते. "अगंबाई! माझ्या माणसाचा मासा या मेल्यांना?" भंते ओशाळले. "माझ्याही किडन्या थकल्यात, बाई. खारट चालत नाही." "मग सांगितलं का नाहीत?" "भिक्षेत कसली आवडनिवड?" दुसऱ्या दिवशी तिनं पात्रात भात नि अळणी दुधी वाढला. मग डोळे मिटून, हात जोडून ती पुटपुटली, "अहो, रागावू नका. आजपासून पुन्हा पथ्य."