एक का नऊ

“भाऊ, हा एक हाय का नऊ?” आशानं पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

चांगदेवनं मान वळवून पाहिलं. शाई जराशी पसरली होती, पण आकडा नऊच होता. कुणालाही कळला असता.

“एक,” तो म्हणाला.

आशानं मान डोलावली, एक टाइप केला आणि पुढचा फॉर्म उघडला. चांगदेवनं ते पाहिलं. पाहिलं तरी शब्द माघारी घेतला का गड्यानं? छे!

दोन हजार आठ सालची गोष्ट. घोडेगावात खताच्या दुकानावर ही खोली होती. मालक कुंडलिकशेठनं तिथं चार टेबलं मांडली, इन्व्हर्टर बसवला, इंटरनेटची लाइन घेतली आणि घरून काम करणाऱ्यांना एकेक टेबल भाड्यानं दिलं. चांगदेव शिनोलीहून जीपनं यायचा. पुण्याचं एक ऑफिस हातानं भरलेले फॉर्म स्कॅन करून धाडायचं, ते बघून टाइप करायचे, असं त्याचं काम. आधी दोन वर्षं त्यानं ते घरीच केलं होतं. दिवसातले आठ तास लाइट नाही. गावाला वाटायचं, हा रिकामाच बसलाय. मग कुणी दळणाला पिटाळायचं, कुणी म्हैस बांधायला. घरात माणूस म्हणाल तर एकटे वडील, रखमाजी. लकवा मारून अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. दिवसच्या दिवस चांगदेवच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आपलाच आवाज ऐकून दचकावं, इथवर पाळी आली होती.

घोडेगावात बसायला लागला आणि गडी माणसात आला. दुपारी चारी डबे एका कागदावर उघडायचे. एकाला अक्षर लागलं नाही की दुसरा उठून बघायचा. चुका निम्म्यावर आल्या. शेजारच्या टेबलावरची आशा तर डब्यात हुलग्याचे शेंगोळे आणले की आधी त्याच्यापुढे सरकवायची. ‘वडलांनी खाल्लं का आज?’ असं रोज विचारणारं जगात तेवढंच एक माणूस होतं. ती नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. पोरगी श्रेया इथल्याच शाळेत. हे काम आहे तोवर सख्खा भाऊ ठेवून घेईल, गेलं की परत सासरी पोहोचवील, हे तिनंच एकदा जेवताना सांगितलं होतं. रडली नव्हती. नुसतं सांगितलं होतं.

ऑफिसची एक रीत होती. प्रत्येक फॉर्म दोघांकडे जायचा. दोघांचं टायपिंग जुळलं की पास. नाही जुळलं तर पुण्याचा साहेब मूळ फॉर्म बघून चूक कुणाची ते ठरवायचा. आपला जोडीदार कोण, हे कुणाला सांगत नसत. तो ओळखीचा निघाला आणि ऑफिसला कळलं, तर दोघांचंही काम बंद.

दिवाळी झाली आणि पत्र आलं. काम कमी झालंय, महिनाअखेर प्रत्येक जोडीतला जास्त चुकणारा कमी करू. दोघांत फरकच निघाला नाही तर दोघंही राहतील, असंही खाली लिहिलं होतं. चांगदेवला ते वाचून हसू आलं. ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही, त्याच्याशी महिनाभर जुळायचं कसं?

चार दिवसांनी पाणी प्यायला उठला, तर आशाच्या पडद्यावर आणे गावच्या एका बाईचा फॉर्म. वर चहाच्या कपाचा गोल डाग. तोच फॉर्म, तोच डाग त्याच्याही पडद्यावर उघडा होता. चांगदेव जागीच थबकला. आशानं वर पाहिलं, मग त्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि काहीएक न बोलता पुन्हा टाइप करायला लागली. हिला कळलं नाही, असं त्यानं धरलं. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. काम गेलं तर चाकणच्या कंपनीत बारा तासांची पाळी. मग म्हाताऱ्याला पाणी कुणी पाजायचं?

दुसऱ्या दिवसापासून आशा त्याला आकडे विचारायला लागली. एरवी आठवड्यात एखादा विचारणारी बाई, आता दिवसाला दहा-बारा. बाकीचे त्यानं खरे सांगितले. तीन-चार मात्र रोज खोटे. आणि स्वतःच्या फॉर्ममध्ये खरे घातले.

महिनाअखेरीला पुण्याहून निरोप आला. चांगदेव राहिला. आशा गेली.

बाकीचे दोघं चहाला खाली उतरले होते. आशानं कॉम्प्युटर बंद केला, टेबल फडक्यानं पुसून घेतलं. चांगदेवला गप बसवेना. पण बोलला ते काय बोलला!

“लई वाईट झालं, ताई. एवढ्या चुका कशा पडल्या?”

आशानं पिशवी खांद्याला लावली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता.

“डाग पडलेला फॉर्म त्या दिवशी आपण दोघांनीबी बघितला, भाऊ. मला वाटलं, ऑफिसला कळू नये म्हणून तुमी मुद्दाम गप बसला. म्हणून तर रोज विचारीत व्हते, दोघांचं एकच पडावं म्हणून.”

ती दारापर्यंत गेली, थांबली.

“मला नऊच दिसत व्हता,” ती म्हणाली. “तुमी एक म्हणला, म्हणून मी एक घातला.”